मोठे आतडे काढावे लागले तर



सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्यावर संध्याकाळी किती गर्दी असते, हे तुम्हांला सांगायला नको. मोरभवनाला बस बदलणारे खेड्यावरचे लोक, मेट्रोतून उतरणारी कॉलेजची मुले, टेकडीच्या गणपतीचे दर्शन घेऊन खरेदीला निघालेल्या बायाबापड्या, खांद्याला खांदा लागतो. या गर्दीत तुमच्या शेजारून गेलेल्या एखाद्या माणसाला मोठे आतडे मुळीच नसेल. त्याच्या सदऱ्याखाली, पोटाला चिकटवलेली एक लहानशी पिशवी असेल. तुम्हांला ती दिसली नाही, तिचा वास आला नाही, आणि तो माणूस आपल्या कामाला निघून गेला.

आज मला बोलायचे आहे ते अशा माणसाविषयी. पण त्याहूनही अधिक, जो अजून या गर्दीत परतलेला नाही त्याच्याविषयी. डॉक्टरांनी त्याला शस्त्रक्रिया सांगितली आहे, आणि तो घरी खाटेवर बसून म्हणतो आहे, "पोटावर पिशवी लावून घेऊ? लोकं काय म्हणतीन? त्यापरीस मरण बरं!" घरचेही गप्प बसतात. दिवस जातात आणि रोग आत वाढत राहतो.

त्याला मी एवढेच सांगेन की, मोठ्या आतड्यावाचून माणूस जगू शकतो, राबू शकतो, संसार करू शकतो. फक्त दोन गोष्टींत हयगय चालत नाही. एक म्हणजे मीठ-पाणी, आणि दुसरी म्हणजे लाज. मीठ-पाणी कमी पडता कामा नये आणि लाज जास्त होता कामा नये. आजचे सारे भाषण या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी हे आतडे करते काय, ते पाहू. आपण खाल्लेले अन्न पचते ते मुख्यतः लहान आतड्यात. ते सुमारे 6 मीटर, म्हणजे 20 फूट लांब असते. अन्नातला कस तेथेच रक्तात जातो. उरलेला पातळ भाग, दिवसाला साधारण दीड लिटर, मोठ्या आतड्यात उतरतो. मोठे आतडे दीड मीटर लांबीचे. ते त्यातले बहुतेक पाणी आणि मीठ शोषून घेते, आणि मळ घट्ट करून साठवून ठेवते. म्हणजे लहान आतडे हे घरातले स्वयंपाकघर, तर मोठे आतडे हे पाणी गाळून घेणारे कोठार. कोठार गेले तरी चूल पेटत राहते. मात्र गाळून घेतले जाणारे मीठ-पाणी आता बाहेर जाऊ लागते, आणि त्याची भरपाई आपल्याला हाताने करावी लागते.

हे आतडे काढावे का लागते? कारणे मुख्यतः तीन. पहिले म्हणजे कर्करोग. यात बहुधा रोगट भाग तेवढाच काढतात. दुसरे म्हणजे आतड्याला आतून जखमा होऊन रक्त आणि आव पडण्याचा जुना विकार, ज्याला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. औषधांनी तो आटोक्यात येईना, किंवा आतडे फुगून फुटायच्या बेताला आले, तर ते पूर्ण काढावे लागते. तिसरे कारण घराण्यातून येते. काही कुटुंबांत मोठ्या आतड्याच्या आतून शेकडो लहान गाठी येतात. आईला किंवा वडिलांना हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. गाठी बहुधा शाळकरी वयातच दिसू लागतात, आणि आतडे वेळीच काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून अशा घरातल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांपासूनच सुरू करतात.

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे "मूळव्याध असेल" म्हणून वर्ष वर्ष काढतात. असेलही मूळव्याध. पण रक्त पडणे, शौचाची सवय अकस्मात बदलणे, वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, यांतले काहीही दिसले तर दुर्बिणीने तपासून घ्या. लवकर आलेल्या रोग्याचे पुष्कळदा थोडेच आतडे काढावे लागते आणि पिशवीचा प्रश्नच येत नाही.

शस्त्रक्रिया सर्वांची सारखी नसते. कोणाचा एक भाग काढून दोन टोके जोडतात. कोणाचे सारे मोठे आतडे काढून लहान आतड्याचे टोक गुदाशयाला जोडतात. कोणाचे गुदाशयही काढावे लागते. मग लहान आतड्याचे टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढतात. त्या द्वाराला स्टोमा म्हणतात, आणि त्यावर पिशवी बसते. काहींना लहान आतड्याचीच एक थैली आतल्या आत शिवून देतात. 1978 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. तिच्यात पोटावरची पिशवी काही महिन्यांपुरतीच लागते. पुढे नेहमीच्या वाटेने शौचास जाता येते, पण दिवसाला चार ते आठ वेळा.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सरळ विचारा: माझे किती आतडे काढणार? पिशवी लागणार का? लागली तर कायमची की तात्पुरती? ती लहान आतड्यावर असेल की मोठ्या? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. मोठ्या आतड्याचा काही भाग उरून त्याच्यावर द्वार केले असेल तर मळ बराचसा घट्ट येतो. लहान आतड्यावर असेल तर तो पातळ येतो, आणि मीठ-पाण्याची काळजी तेव्हाच अधिक असते. ज्यांना पुढे मूल हवे आहे अशा स्त्रियांनी तेही आधीच बोलून घ्यावे. आतल्या थैलीच्या शस्त्रक्रियेने दिवस राहण्यात अडचण येऊ शकते. यात संकोचण्यासारखे काही नाही.

आता तयारी. तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर हाताशी काही आठवडे असतात. पहिले काम म्हणजे विडी, सिगारेट आणि आपल्या नागपूरचा खर्रा बंद. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो आणि धूम्रपानाने छातीत कफ साठतो. दुसरे, अंगात रक्त कमी असेल तर ते भरून काढायचे. दूध, डाळ, अंडी, जे घरात चालत असेल ते खायचे. तिसरे, रोज चालायचे आणि दीर्घ श्वास घेण्याचा सराव करायचा. चौथे, स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. त्याने जीव धोक्यात येतो. आणि पोट साफ करायचे की नाही, कशाने करायचे, हे डॉक्टर ठरवतील. घरच्या घरी एरंडेल घेऊन मोकळे होऊ नका.

पाचवी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. स्टोमा पोटावर कोठे असावा, याची खूण शस्त्रक्रियेच्या आधी करून घ्यायची असते, आणि तीही नुसते निजवून नव्हे. रोग्याने उभे राहावे, बसावे, वाकावे. धोतर नेसणाऱ्याने धोतर नेसून यावे, नऊवारी नेसणारीने लुगडे नेसून यावे, पँट घालणाऱ्याने पट्टा बांधून यावे. जेथे निरी खोचली जाते, जेथे पट्टा आवळतो, जेथे बसल्यावर पोटाची घडी पडते, तेथे द्वार नको. ते रोग्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशा जागी हवे. ही दहा मिनिटांची खूण पुढचे सारे आयुष्य सोपे करते. तातडीच्या वेळी हे सगळे जमत नाही, पण वेळ असेल तेव्हा "साहेब, जागेची खूण करता का?" असे अवश्य विचारा.

शस्त्रक्रियेनंतर जागे झाल्यावर पोटावर लालबुंद, ओलसर, लहानशा गुलाबकळीएवढे काहीतरी दिसेल. पहिल्यांदा पाहून डोळे मिटून घ्यावेसे वाटते. पण ती जखम नव्हे. ते आतड्याचे अस्तर आहे. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण तेथे आपल्या कातडीसारखी वेदना कळत नाही. पुसताना रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नये. मात्र त्याचा रंग काळसर किंवा निळसर झाला तर तत्काळ डॉक्टरांना सांगावे. पहिले सहा ते आठ आठवडे ते हळूहळू आक्रसते, म्हणून पिशवीचे भोक दर खेपेस मोजून कापावे लागते. भोक मोठे राहिले तर पातळ मळ कातडीला लागून ती सोलपटते.

हे द्वार आज असे उंचवट्याचे दिसते, त्यालाही इतिहास आहे. पूर्वी आतड्याचे टोक कातडीच्या पातळीवर तसेच ठेवीत. भोवतालची कातडी जळून निघे आणि रोगी हैराण होत. 1952 साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे शल्यवैद्य ब्रायन ब्रूक यांनी ते टोक सदऱ्याची बाही उलटून दुमडावी तसे उलटे दुमडून शिवण्याची पद्धत मांडली. मळ कातडीला न लागता थेट पिशवीत पडू लागला. पुढे 1954 साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाची एक परिचारिका होती. तिच्या धाकट्या बहिणीला, थोराला, असे द्वार करावे लागले होते, आणि मळ बाहेर गळेल या धास्तीने ती घराबाहेर पडेना. बहिणीसाठी एलिसेने कातडीला चिकटून राहणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी कल्पिली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पिशव्यांचे मूळ त्या बहिणीच्या मायेत आहे. खाटेवर बसलेल्या आपल्या माणसाला ही हकिकत जरूर सांगा. लाज काही त्याला एकट्यालाच वाटलेली नाही.

पिशवीचे तंत्र आठवडाभरात हाताशी बसते. ती एक तृतीयांश भरली की खालचे तोंड उघडून रिकामी करायची. दिवसातून चार-सहा वेळा. पूर्ण पिशवी साधारण तीन-चार दिवसांनी बदलायची. कोमट पाण्याने कातडी धुवायची, मऊ कापडाने टिपून अगदी कोरडी करायची, मग नवी चिकटवायची. तेल, हळद, राख, शेंदूर यांपैकी काहीही लावायचे नाही. तेलकट कातडीवर पिशवी टिकत नाही. पिशव्यांचा साठा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांचा गोंद बिघडतो. माठाजवळचा थंड, कोरडा कोपरा बरा. आंघोळ खुशाल करावी. गुदाशय काढलेले असूनही कधी शौचाची भावना होते, आणि ते ठेवलेले असेल तर थोडी आव पडते. दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत.

आता मीठ-पाणी. लहान आतड्यावर द्वार असलेल्याच्या पिशवीत पहिल्या दिवसांत लिटरभर किंवा अधिक पाणी जाते. पुढे ते दिवसाला अर्धा ते पाऊण लिटरवर येते. त्या पाण्याबरोबर मीठही जाते. मग माणसाला तहान लागते, तो तांब्यामागून तांब्या साधे पाणी पितो, आणि होते उलटेच! बिनमिठाचे पुष्कळ पाणी प्यायले की पिशवीतून वाहणे आणखी वाढते. अंग गळते, पायात गोळे येतात, लघवी कमी होते, उभे राहिले की चक्कर येते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला असता, हे एका दिवसात घडू शकते. मूत्रपिंडाला इजा होते ती अशीच.

यावर उपाय आपल्या देशातच मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर घातलेले पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. साखरेच्या सोबतीने मीठ लहान आतड्यात शोषले जाते, आणि मिठामागोमाग पाणी. हेच जलसंजीवनीचे पाकीट आतडे काढलेल्या माणसाचा आधार आहे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवावे आणि घोट घोट घ्यावे. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून निवलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ घातलेले ताक, भाताची मीठ घातलेली पेज यांचाही उपयोग होतो. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि मोजण्यासाठी घरात एक जुने मापाचे भांडे ठेवा. दिवसाला दीड लिटरच्या वर जाऊ लागले, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

खाण्याचे काय? पहिले सहा आठवडे मऊ, कमी चोथ्याचे आणि थोडे थोडे खावे. भात-वरण, मऊ पोळी, दही, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, साबुदाणा. भात, केळे, साबुदाणा यांनी मळ घट्ट होतो. मग एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यावा आणि दोन दिवस पाहावे. भाकरी, पालेभाजी हळूहळू सोसते. तर्री-पोहे आणि सावजी रस्सा जरा उशिरा, आणि बेताने. सावध राहायचे ते चिवट आणि चोथट पदार्थांपासून: मक्याचे कणीस, शेंगदाणे, ओले खोबरे, कच्ची काकडी, चिवट साली. आणि आपला संत्रा! संत्र्याचा रस चालतो, पण फोडीची पांढरी साल आणि रेषा यांचा बोळा होऊन द्वारापाशी अडकतो. नागपुरात राहून हे पथ्य अवघड खरे. तेव्हा फोड सोलून, आतला गर तेवढा चावून चावून खावा. सहा तास पिशवीत काहीच आले नाही, पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या होऊ लागल्या, तर आतडे अडले असे समजून ताबडतोब रुग्णालयात जावे. अशा वेळी कोणी जुलाबाचे औषध दिले तर मुळीच घेऊ नये. आणि कोणत्याही आजारासाठी गोळी घेताना "मला मोठे आतडे नाही" हे सांगावे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधी कधी न विरघळताच पिशवीत येतात.

शेतकरी विचारेल, "मले वावरात जाता येईन का?" येईल. पहिले दोन-तीन महिने जड उचलायचे नाही. भरलेली बादलीसुद्धा नको, पोते तर नाहीच. पोटाचे स्नायू अजून कच्चे असतात आणि द्वाराशेजारी हर्निया होण्याची भीती असते. पुढे डॉक्टरांना विचारून, पट्टा बांधून कामे करता येतात. वावरात जाताना जलसंजीवनीची बाटली आणि एक जादा पिशवी बरोबर असू द्या. सीताबर्डीला खरेदीस यायचे असेल तर निघताना पिशवी रिकामी करून निघा, आणि वाटेत स्वच्छतागृह कोठे आहे ते आधी हेरून ठेवा. नवरा-बायकोच्या सहवासालाही या पिशवीची आडकाठी नाही. जखम भरली, मन तयार झाले, की पुरे. अशा शस्त्रक्रियेनंतर स्त्रिया माता झालेल्या आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विशेष विनंती. तुमच्या वर्गात असा मुलगा किंवा मुलगी परत आली, तर तिला हात वर न करता बाहेर जाण्याची मुभा द्या. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिच्या हाती द्या. बाकाजवळ पाण्याची बाटली असू द्या, परीक्षेतही. खेळाच्या तासाला तिला कायमची कडेला बसवू नका. पोटाला धक्का बसेल असे खेळ तेवढे टाळा. आणि वर्गाला सांगायचे की नाही, हे तिलाच ठरवू द्या. हे नीट झाले नाही तर मूल पाणी पिणेच सोडते, म्हणजे बाहेर जावे लागणार नाही. त्यातला धोका आता तुम्हांला कळला आहे.

खर्चाची चिंता खरी आहे. सीताबर्डीला लागून धंतोली आणि रामदासपेठेत खाजगी दवाखान्यांच्या रांगा आहेत. पण नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत, मिहानला एम्स आहे, आणि कर्करोगासाठी तुकडोजी रुग्णालय आणि जामठ्याची संस्था आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन विचारा. शस्त्रक्रियेचे विचारता तसे पिशव्यांचेही विचारा, कारण त्यांचा खर्च महिन्याचे महिन्याला येतो. आणि घरी निघण्यापूर्वी पिशवी बदलण्याचे काम परिचारिकेसमोर एकदा रोग्याने स्वतः आणि एकदा घरच्या माणसाने करून दाखवावे. त्याआधी सुट्टी घेऊ नये.

श्रोतेहो, तुमच्या गावात, तुमच्या आळीत, असा कोणी खाटेवर बसून 'नाही' म्हणत असेल, तर उद्या सकाळी त्याच्याकडे जा. ही माहिती त्याला सांगा आणि डॉक्टरांकडे जाताना त्याच्यासोबत जा. चार महिन्यांनी तो सीताबर्डीच्या गर्दीत तुमच्या शेजारून चालत असेल, आणि त्याच्या पोटावर काय आहे ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही.